ज्वारी संकलन केंद्र, माण-खटाव: प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

दाणा भरतोय. काढणीला महिनाभर अवकाश आहे, तेवढ्यात केंद्राची मांडणी पुरी करायची आहे.

यंदाची कामं दोन. सभासदाच्या घरात वर्षभराची ज्वारी राहिली पाहिजे, हे पहिलं. उरलेली ज्वारी सुटी दोन-चार पोती न जाता एकजिनसी मालाचा लॉट म्हणून विकली गेली पाहिजे, हे दुसरं. क्रम हाच ठेवायचा.

चार पोती घेऊन बाजारात गेलेल्या माणसाचा माल व्यापारी मूठभर हातात घेऊन बघतो आणि दर सांगतो. आदल्या रात्री मोबाइलवर दहा बाजार समित्यांचे दर पाहिले असले तरी त्याला 'नाही' म्हणता येत नाही, कारण पोती परत न्यायची तर भाडं पुन्हा पडतं. 'दहा टन मालदांडी (रब्बी ज्वारीची जात), ओलावा ११ टक्के, कचरा एक टक्क्याच्या आत, प्रत्येक पोत्याची नोंद आहे' असं पुण्याच्या खरेदीदाराला फोनवर सांगता आलं, की बोलणी बरोबरीने होतात. म्हणून आमचं डिजिटल काम काटा आणि ओलावामापकापासून सुरू होतं, ॲप त्यांच्या मागून येतं.

केंद्रावर लागणारं सामान: ३०० किलोचा प्लॅटफॉर्म काटा (५० ग्रॅमपर्यंत वाचणारा, ब्लूटूथवर आकडा देणारा), २० किलोची प्रमाणित वजनं, ज्वारी-हरभऱ्याची सेटिंग असलेला ओलावामापक, पोत्यातून नमुना काढायची लांब नळी, चाळण्यांचा संच, लेबल छापायचं यंत्र, दोन साधे अँड्रॉइड फोन, इन्व्हर्टर. पोत्यांखाली लाकडी फळ्या हव्यातच. फरशीवर थेट ठेवलेलं पोतं खालून ओल धरतं आणि मग वरच्या सगळ्या नोंदी खोट्या ठरतात.

१९ जानेवारी

सभासद यादी. वर्षातलं सगळ्यात किचकट काम हेच, आणि ते काढणीच्या गर्दीत करता येत नाही.

बँक पासबुक, आधार आणि सातबारा या तिन्हींवर नाव एकसारखं क्वचितच सापडतं. आडनाव आधी-नंतर, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव, 'बाई' जोडलेलं-तोडलेलं. आमच्या यादीत 'बँकेतलं नाव' हा वेगळा रकाना ठेवला असून तो पासबुक समोर धरून, अक्षर न् अक्षर तसाच भरायचा.

बँक शाखेचा आयएफएस कोड अकरा अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. तिथे इंग्रजी 'ओ' टाइप झाला की पैसे परत येतात. ॲपमध्ये पाचव्या जागी शून्याशिवाय काही स्वीकारायचंच नाही अशी अट टाकली. एप्रिल २०२० मध्ये सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत आणि कॉर्पोरेशन व आंध्र या बँका युनियन बँकेत विलीन झाल्या. त्या खात्यांचे कोड बदलले, घराघरांतली पासबुकं मात्र जुनीच आहेत. अशी पासबुकं वेगळी काढून शाखेतून नवा कोड लिहून आणायचा.

मोबाइल नंबर एकच विचारला तर घोळ होतो. इथल्या बऱ्याच घरांत बँक खात्याला जोडलेला नंबर मुंबईत कामाला असलेल्या मुलाचा आहे. ओटीपी मुंबईला जातो, मुलगा ड्युटीवर असतो, आणि आई इथे केंद्रावर ताटकळते. आता दोन रकाने आहेत: 'खात्याचा फोन' आणि 'निरोपाचा फोन'. वजनाच्या वेळी ओटीपी मागायचा नाही. खात्याची खातरजमा आत्ताच, एक रुपया पाठवून आणि समोरून आलेलं नाव ताडून करायची.

रब्बीची ई-पीक पाहणी (सातबाऱ्यावर पीक चढवण्यासाठी मोबाइलवरून करायची नोंद) ज्यांची राहिली आहे त्यांची यादी गावनिहाय काढली. फोटो आपल्या जमिनीच्या गटात उभं राहूनच घ्यावा लागतो, त्यामुळे पीक उभं आहे तोवरच ते काम होतं. सातबाऱ्यावर पीक दिसलं नाही तर हमीभाव केंद्रावर नोंदणीला अडचण येते. ज्या बायका जमीन कसतात पण सातबाऱ्यावर नाव नाही, त्यांचा माल हमीभाव केंद्रावर त्यांच्या नावाने जाणार नाही. खासगी लॉटमध्ये जातो, आणि पैसेही त्यांच्याच खात्यात पडतात. ही सोय आम्ही कायम ठेवणार.

२ फेब्रुवारी

काट्यावर वैधमापन शास्त्र विभागाचा यंदाचा शिक्का झाला. पडताळणी दर वर्षी लागते, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. रोज सकाळी:

काटा पाणसळीत आहे का, बुडबुडा मध्यावर आहे का, ते बघायचं. रिकाम्या काट्यावर शून्य आणायचं. २० किलोचं वजन मध्ये आणि मग चारही कोपऱ्यांवर ठेवायचं. एखाद्या कोपऱ्यावर आकडा वेगळा आला तर प्लॅटफॉर्मखाली खडा अडकलेला असतो किंवा खालचा सेन्सर गेलेला असतो. पाचही आकड्यांचा फोटो काढून त्या दिवसाच्या नोंदीला जोडायचा. बॅटरी उतरली की काही काटे आकडा सरकवतात, म्हणून लाल दिवा लागला की वजन थांबवायचं, रांग कितीही असो.

बारदान: ५० किलोच्या नव्या तागाच्या पोत्याचं प्रमाणित वजन ५८० ग्रॅम. प्लास्टिकच्या विणलेल्या पोत्याचं साधारण त्याच्या पाचव्या हिश्शाइतकं. बाजारात सरसकट किलोभर कापायची सवय आहे. प्लास्टिक पोत्यावर किलो कापला तर ५० किलोमागे जवळजवळ ९०० ग्रॅम ज्वारी फुकट जाते. केंद्रावर पोत्याचा प्रकार निवडला की वजा होणारा आकडा आपोआप येतो आणि पावतीवर वेगळा छापला जातो. सभासदाला तो दिसला पाहिजे.

१६ फेब्रुवारी

घरचा वाटा. काढणी सुरू झाली. कणसं खळ्यावर वाळताहेत, कडब्याच्या पेंढ्या बांधून होताहेत. रास घरात येण्याआधी हा हिशेब प्रत्येक घरात बसून करायचा.

पाच माणसांच्या घराला दिवसाला दीड किलो पीठ धरलं तर महिन्याला ४५ किलो, वर्षाला साधारण साडेपाच क्विंटल. रेशनवर प्राधान्य गटातल्या कुटुंबाला २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, म्हणजे २५ किलो. तूट महिन्याला २० किलोची, वर्षाला २४० किलोची. भाकरीवर चालणाऱ्या घरात रेशनचा तांदूळ-गहू ज्वारीची जागा पूर्ण घेत नाही, म्हणून २४० हा खालचा आकडा समजायचा. त्यात पाहुणे, घरचं कार्य, पुढच्या पेरणीचं बी. मालदांडीच्या पेरणीला एकरी चार-पाच किलो बी पुरतं, पण ते निवडून वेगळं ठेवावं लागतं.

हे न करता सगळी रास एकदम विकली, तर फेब्रुवारी-मार्चच्या पडत्या दराने विकलेली ज्वारी श्रावण-भाद्रपदात किराणा दुकानातून चढ्या दराने विकत आणावी लागते. बहुतेक वेळा उधारीवर. शेतकऱ्याला बाजार मिळवून देणारी कोणतीही व्यवस्था हा भाग सोडून चालली तर ती घरातलं धान्य बाहेर काढायला मदत करते, एवढंच. म्हणून ॲपमध्ये 'घरचा वाटा' भरल्याशिवाय विक्रीचं पान उघडतच नाही. आकडा किती असावा हे केंद्र ठरवत नाही. घर ठरवतं. शून्य भरला तर मात्र ॲप एकदा विचारतं आणि घरातल्या बाईचा अंगठा किंवा सही मागतं.

आकडा किलोत विचारला की अंदाज चुकतात. ज्यांच्या हातात धान्य असतं त्या पायलीत आणि पोत्यात मोजतात. पायली गावागणिक, कधीकधी घरागणिक वेगळी निघते. त्यावर उपाय साधा: घरची पायली एकदा काट्यावर ज्वारीने सपाट भरून मोजायची, तिचं वजन त्या घराच्या नावापुढे नोंदवायचं. पुढे पायलीत सांगितलेला आकडा ॲप किलोत करून घेतं. कुकुडवाडच्या एका मावशींनी शिगेने (वर ढीग करून) आणि सपाट अशी दोन्ही मापं दाखवली आणि विचारलं, "तुमच्या फोनात कंची पायली धरणार, घ्यायची का द्यायची?" दोन्ही वजनं नोंदवली, हिशेबाला सपाट धरली.

२४ फेब्रुवारी

ओलावा. या विषयावर केंद्रात सगळ्यात जास्त वाद होतात, म्हणून सविस्तर.

नमुना: दहापर्यंत पोती असली तर प्रत्येक पोत्यातून, अकरा ते शंभर असली तर कुठलीही दहा पोती निवडून. नळी वरून, मधून आणि तळातून अशी तीन ठिकाणी घालायची. आज एका सभासदाच्या पोत्यात वरचा थर १०.८ आला आणि पोटातला १३.९. कुणी लबाडी केली नव्हती. मळणी दोन दिवशी झाली, दुसऱ्या दिवशीची कणसं कमी वाळलेली होती आणि ती पोत्यात आधी गेली. नुसती वरची मूठ बघितली असती तर हे पोतं पास होऊन सगळ्या थप्पीत ओल पसरली असती. पोतं ओतून, ताडपत्रीवर पातळ पसरून, दुपारभर वाळवून परत घेतलं.

मापक विजेच्या धारकतेवरून, म्हणजे दाण्यात विजेचा भार किती साठतो त्यावरून, ओलावा सांगतो. त्यामुळे तीन गोष्टींनी तो फसतो. उन्हातून आलेला गरम दाणा: नमुना बंद डब्यात सावलीत अर्धा तास ठेवून मगच मोजायचा. चुकीचं पीक निवडणं: हरभऱ्याच्या सेटिंगवर ज्वारी मोजली तर आकडा निरर्थक. कचरा आणि गोंडर (दाण्यावरची टरफलं): नमुना चाळूनच घालायचा. तीन वाचनं, त्यांची सरासरी, आणि तिन्हींत अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक असेल तर नमुना पुन्हा. हंगामात एकदा काही नमुने प्रयोगशाळेत पाठवून ओव्हनच्या पद्धतीशी (दळलेला नमुना, १३० अंश, दोन तास) मापक ताडून घ्यायचा.

कपातीचं सूत्र भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलं आहे. आधार ओलावा ११ टक्के. धरायचं वजन = मोजलेलं वजन × (१०० − मोजलेला ओलावा) ÷ ८९. म्हणजे १०० किलोमागे १२ टक्क्यांना ९८.८८, १३ ला ९७.७५, १४ ला ९६.६३ किलो. १० टक्क्यांना १०१.१२. हा शेवटचा आकडा देताना हात आखडायचा नाही. जास्त ओलावा असला की कापायचं आणि चांगलं वाळवून आणणाऱ्याला काही द्यायचं नाही, असं चाललं तर पुढच्या वर्षी कुणीही मुद्दाम वाळवून आणणार नाही. १४ च्या वर माल घ्यायचा नाही, वाळवायला ताडपत्री द्यायची. १२ च्या वरचा माल थप्पीत लावायचा नाही.

३ मार्च

अवकाळी. खळ्यावर राहिलेली कणसं भिजली. भिजलेल्या ज्वारीचा दाणा पिवळट पडतो, टोकाला काळा होतो. तो लॉट वेगळा, लेबल वेगळं, नमुन्याचा फोटो पांढऱ्या कागदावर सावलीत काढलेला. चांगल्या मालात मिसळायचा नाही, कितीही आग्रह झाला तरी. बुरशीचा वास येणारा माल माणसांसाठी म्हणून विकायचा नाही.

९ मार्च

डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांवर रेंज नाही, त्यामुळे ॲप आधी फोनमध्येच लिहितं आणि रेंज आली की वर पाठवतं. इथे एक खाच आहे. रेंज अर्धवट असली की नोंद वर पोचते पण पोच परत येत नाही, फोन ती पुन्हा पाठवतो, आणि एका पोत्याची दोन पोती होतात. नोंद क्रमांक सर्व्हरवर तयार होत असेल तर हे टळत नाही. क्रमांक वजनाच्या क्षणी फोनवरच तयार करायचा (केंद्र, फोन, तारीख, अनुक्रम). तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की सर्व्हर गुपचूप टाकून देतो.

शिवाय संध्याकाळी पोत्यांची थप्पी हाताने मोजून ॲपच्या आकड्याशी जुळवायची. जुळल्याशिवाय कुलूप लावायचं नाही.

लेबल: उष्णतेने उमटणारा साधा छाप उन्हात उडतो आणि तागावर चिकटतही नाही. रिबनवर छापलेली पट्टी पोत्याच्या तोंडाच्या शिलाईतच शिवून घ्यायची. क्यूआर कोडमध्ये फक्त पोत्याचा क्रमांक. सभासदाचं नाव, फोन, खातं त्यात घालायचं नाही. पोतं कुणाच्याही हातात पडू शकतं.

१७ मार्च

दर कसे वाचायचे, यावर सभासदांची बैठक.

पणन मंडळाच्या आणि अ‍ॅगमार्कनेटच्या पानावर किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर दिसतात, शेजारी आवक. सगळ्यांची नजर कमाल दरावर जाते. आवक पाच-सात क्विंटल असेल तर कमाल दर म्हणजे कुणाच्या तरी दोन पोत्यांचा दर. बघायचा तो सर्वसाधारण दर, तोही आवक मोठी असलेल्या दिवसाचा, आणि एका दिवसाचा बघून भागत नाही. ज्वारीच्या जातीचा रकानाही तपासायचा. संकरित आणि मालदांडीचे दर शेजारी-शेजारी असतात आणि फॉरवर्ड होऊन आलेल्या फोटोत जात बऱ्याचदा कापली गेलेली असते.

मग हातात पडणारा दर काढायचा: सर्वसाधारण दर, वजा भाडं, हमाली, तोलाई, बारदान, वजा वाटेत होणारी घट. दहिवडीहून मोगराळे घाटाने फलटणमार्गे पुणे हा रस्ता धरला तर अर्ध्या भरलेल्या गाडीचं भाडं क्विंटलमागे जवळपास दुप्पट बसतं. गाडी भरेल एवढा माल एकत्र होईपर्यंत थांबणं, हीच अनेकदा सगळ्यात मोठी कमाई असते.

ई-नाम, म्हणजे शेतमालाचा देशभराचा ऑनलाइन बाजार, १४ एप्रिल २०१६ ला सुरू झालं. एप्रिल २०२० पासून शेतकरी कंपन्यांना आपल्या संकलन केंद्रावरूनच, माल बाजार आवारात न नेता, लॉट मांडता येतो. नोंदणी करून ठेवली आहे. आमचा अनुभवाचा निष्कर्ष असा की लहान लॉटला आणि गुणवत्ता अहवाल नसलेल्या लॉटला लांबचा खरेदीदार बोलीच लावत नाही. अहवालासह गाडीभर माल मांडला तर विचारणा येते. ती विचारणा स्थानिक बोलणी करतानाही उपयोगी पडते.

२६ मार्च

पहिली गाडी. निघण्याआधी खरेदीदाराशी लेखी ठरवून घेतलेल्या गोष्टी: ओलावा कोणत्या मापकाने आणि कुणासमोर मोजायचा, वजनातला फरक किती मान्य, माल नाकारला तर परतीचं भाडं कुणाचं, पैसे किती दिवसांत. व्हॉट्सॲपवर लिहून 'मान्य' असं उत्तर आलं तरी चालतं, फोनवरचं बोलणं चालत नाही.

गाडीचा वजनकाटा २० किलोच्या टप्प्याने वाचत असेल तर दहा टनाला तेवढा फरक धरावाच लागतो. त्याहून मोठा फरक आला तर पोत्यानिहाय यादी काढून कुठलीही दहा पोती तिथल्या काट्यावर मोजायला लावायची. यादी हातात असली की ही मागणी मान्य होते.

पॅकिंगबद्दल एक व्यवहारी बाब. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच पॅक करून लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के जीएसटी आहे. ३० किलोची गोणी त्यात येत नाही. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांना ५ किलोची पाकिटं हवी असतात. पाकिटाचा दर सांगताना कर, पाकीट, एफएसएसएआय (अन्न परवाना) क्रमांकासह लेबलचा खर्च आणि चाळणीत निघणारी तूट हे सगळं धरायचं, नाहीतर वरकरणी चढा दिसणारा दर गोणीच्या दरापेक्षा कमी निघतो. तीन-चार कुटुंबं मिळून एक ३० किलोची गोणी घेणार असतील तर दोन्ही बाजूंना ते स्वस्त पडतं.

२ एप्रिल

पैसे वाटप. बँकेत द्यायची फाइल एक्सेलमध्ये तयार होते आणि एक्सेल खाते क्रमांकाला आकडा समजतं. सुरुवातीची शून्यं गळतात. पंधरापेक्षा जास्त अंकी क्रमांकात सोळाव्यापासून पुढचे अंक शून्य होतात, आणि पडद्यावर ते पटकन लक्षात येत नाही. खाते क्रमांकाचा रकाना आधी 'टेक्स्ट' करायचा, मग त्यात क्रमांक आणायचे. फाइल दिल्यावर प्रत्येक ओळीतले शेवटचे चार अंक मूळ यादीशी दुसऱ्या माणसाने ताडायचे.

एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालतं, त्यामुळे शनिवार-रविवारचं कारण सांगायचं नाही. परत आलेल्या रकमांची यादी त्याच दिवशी फलकावर, नावाशिवाय, सभासद क्रमांकाने.

निरोपाचा एसएमएस मराठीत असेल तर एका संदेशात ७० अक्षरंच बसतात. वजन, ओलावा, धरलेलं वजन, दर, रक्कम हे पाच आकडे आणि केंद्राचं नाव एवढंच. 'आदरणीय सभासद' वगैरे काढून टाकलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तेच पाच आकडे बोलून सांगणारा फोन जातो, संध्याकाळी सात ते आठ, चूल पेटायच्या आधी.

२० एप्रिल

घरच्या वाट्याची साठवण. ज्यांनी घेतल्या त्यांना हवाबंद पिशव्या दिल्या: आत जाड प्लास्टिकचे दोन थर, बाहेर विणलेलं पोतं. आतला प्राणवायू किडेच वापरून संपवतात आणि मग सोंडे, टोके वाढत नाहीत. औषधाची गोळी लागत नाही.

ज्वारी ११-१२ टक्क्यांवर वाळलेली हवी. ओली भरली तर कीड थांबेल पण बुरशी लागेल. आतली पिशवी भरताना दाबून हवा काढायची, तोंड पिळून, दुमडून, सुतळीने घट्ट बांधायचं. मग दुसरी, तशीच. एकत्र बांधायच्या नाहीत. भरण्याआधी पिशवीत तोंडाने हवा भरून गळती बघायची. पहिला महिना उघडायची नाही. लागेल तशी रोज उघडली तर तिचा उपयोग राहत नाही, म्हणून महिन्याची ज्वारी कणगीत किंवा डब्यात काढून घ्यायची आणि पिशवी पुन्हा बांधायची. उंदीर हा या पिशवीचा खरा शत्रू. भिंतीपासून हातभर लांब आणि फळीवर.

४ मे

हरभरा. ज्यांना पैशाची लगेच नड नाही त्यांच्यासाठी बाजार समितीची शेतमाल तारण योजना: माल तारण ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्के कर्ज, ६ टक्के व्याज, १८० दिवस. समजा दर ६००० आहे, तर क्विंटलला ४५०० हातात येतात आणि सहा महिन्यांचं व्याज १३५ होतं. दर त्याहून आणि घटीहून जास्त वाढला तरच थांबण्यात अर्थ. प्रत्येकाला हा हिशेब त्याच्या पोत्यांवर करून कागदावर द्यायचा, निर्णय त्याचा. हरभऱ्याला भुंगा लवकर लागतो, त्यामुळे तारणाआधी चाळणी आणि वाळवण सक्तीचं.

८ जून

पेरणीची धावपळ सुरू होण्याआधी घरच्या वाट्याची पाहणी. घरोघरी पिशवी उघडायला लावायची नाही, बाहेरून दाबून आणि विचारून नोंद करायची: किती उरली, कीड दिसली का, मध्ये विकावी लागली का, कशासाठी. दवाखाना, शाळेची फी आणि बियाणं ही तीन कारणं सारखी पुढे येताहेत. यातलं बियाणं आपल्या हातात आहे. पुढच्या हंगामात लॉटच्या रकमेतून ठरावीक भाग सभासदाच्या संमतीने मागे ठेवून मे अखेरीस बियाण्यासाठी द्यायचा, असा ठराव संचालकांच्या बैठकीत मांडायचा. ॲपमध्ये त्यासाठी रकाना तयार आहे, अजून उघडलेला नाही. ठरावाआधी उघडायचा नाही.